उत्तरेचं दार

मंजू ऑफिसला गेली की मी पहिलं काम काय करते, तर फ्लॅटचं दार उघडते. डिस्कव्हरी गार्डन्समधली ही दारं फार जड. सोडली की आपली आपण मिटतात, आणि कुलूप लागल्याचा तो खट् आवाज मला अजून सोसत नाही. म्हणून दाराच्या फटीत मी एक उशी सारते. विटेएवढी जाड, विटेहून थोडी मोठी, वरून सगळं लोकरीचं भरतकाम. मग पोळ्या लाटायला घेते. कॉरिडॉरमधून कोणाच्या तरी फोडणीचा वास येतो, लिफ्ट उघडल्याची टिंग ऐकू येते, आणि माझं चित्त जाग्यावर राहतं.

संध्याकाळी मंजू आली की ठरलेलं बोलणं. "आई, नॉट अगेन. एसी चालू आहे. आणि ही कसली कळकट गोष्ट दारात घालतेस?"

"कळकट नाही गं. चर्चची आहे."

"आय नो व्हेअर इट्स फ्रॉम," असं म्हणते, आणि पायानं नाही, हातानं उचलून बाजूला ठेवते. हे हॉलमध्ये बातम्या बघत असतात, ते तिकडूनच म्हणतात, "ट्रस्टींना काही बोलू नकोस."

ह्यांनी थट्टेनं मला ट्रस्टी केलं त्याला आता खूप वर्षं झाली. तेव्हा आम्ही अल कुसैसला राहायचो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. खाली किराणावाला, त्याच्या बाजूला खुबूस रोट्यांची भट्टी, तिचा भाजका वास सकाळी थेट आमच्या खिडकीपर्यंत यायचा. एक दिरहमची कोथिंबीर घेतली की मी मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे दहा रुपये झाले, आणि किराणावाला हसायचा. हे सगळं व्हिसा होता तेव्हाचं. मग ह्यांच्या कंपनीच्या ऑफिसला टाळं लागलं. आमचे तिघांचे पासपोर्ट आतल्या कपाटात राहिले, आणि व्हिसाची तारीख आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. कंपनीची सरकारी कामं बघणारा मंदूब होता, त्याला हे दर आठवड्याला फोन करायचे. तो म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." बुकरा म्हणजे उद्या. आमचं घरी जाणं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. दुसरं काही आम्हाला नकोच होतं. पासपोर्ट हातात यावेत आणि तिघांनी देवरुखला जावं, एवढंच.

हे पहाटे कोणाच्या तरी व्हॅनमधून मिळेल त्या कामाला जायचे. जाताना दाराला बाहेरून कुलूप. कोणी चौकशीला आलंच तर घर रिकामं वाटावं म्हणून. एक किल्ली समोरच्या लिसीकडे असायची. लिसी मल्याळी, नर्स, मनानं मोठी. मी कुकर लावायचे तो ती घरी असेल तेव्हाच, म्हणजे शिट्टी तिच्या घरातली वाटावी. ती दाराच्या फटीतून म्हणायची, "दीदी, आज मेरे घर में दाल बन रही है ना?" आणि आम्ही दोघी दाराच्या दोन्ही बाजूंनी हसायचो. आतल्या बाजूला तोंडावर पदर धरून.

मंजू तेव्हा आठेक वर्षांची असेल. शाळा सुटलेली. ती घरात पाय न वाजवता चालायला शिकली होती. लहान मुलाचं पाऊल वाजत नाही ह्याची भीती वाटावी असे ते दिवस. आमच्या फ्लॅटला खिडकी एक, आणि तिच्यात खालचा अर्धा भाग एसीच्या डब्यानं अडवलेला. वरच्या अर्ध्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि पांढरं आभाळ. एसीचं पाणी खाली ठेवलेल्या बादलीत ठिबकायचं, बादली भरत आली की त्याचा आवाज बदलायचा, आणि मला दुपारचे तीन वाजले हे कळायचं.

उशी आली ती ह्याच घरात, लिसीमुळे. व्हिसा संपायच्या थोडं आधी ती मला एका शुक्रवारी तिच्या चर्चला घेऊन गेली होती. इथे तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्यांचा रविवारही शुक्रवारी. एका आवारात किती तरी भाषांची चर्चं, एकाची प्रार्थना संपली की दुसऱ्याची माणसं आत. मला वाटलं होतं उंच मनोरा असेल, घंटा असेल. तर साधा हॉल, ट्यूबलाइट, घडीच्या खुर्च्या. घंटा नव्हतीच. तिथे लिसीनं माझी मार्गारेटबाईंशी गाठ घालून दिली. उंच, उन्हानं नाक लाल झालेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत एक जुनी उशी, कसरीनं खाल्लेली, चाळण झालेली.

त्यांच्या इंग्लंडमधल्या गावचं चर्च सात-आठशे वर्षांचं. तिथे प्रार्थनेला गुडघे टेकायला प्रत्येक जागेपुढे अशी एक उशी हुकाला टांगलेली असते. कसरीनं सगळ्या खाल्ल्या, आणि नव्या भरून द्यायचं बाईंनी कबूल केलं होतं. दोसुतीवर लोकरीनं फुलीचा टाका. हा तर मी देवरुखला परकर-पोलक्याच्या वयात शिकलेले. बाईंनी माझा टाका उलटून मागून पाहिला. मागची बाजू पुढच्याइतकीच नीट होती. त्यांनी लोकरीची लडच माझ्या मांडीवर ठेवली.

आणि मग दाराला कुलूप लागायला लागलं. पण बाई यायच्या. शुक्रवारी त्यांची प्रार्थना आटोपली की, ह्यांची सुट्टी असायची तेव्हा. गाडी लांब उभी करून चालत यायच्या, घामानं निथळत. लोकरीचे रंग आणायच्या, मंजूला बिस्किटं आणायच्या. मी चहा ठेवायचे. मला इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. मंजू मधे बसून दोन्हीकडचं सांगायची, आणि बहुतेक वेळा अर्धंच सांगायची.

पहिल्यांदा त्यांनी नमुना आणला त्यावर क्रॉस होता. मी सुई खाली ठेवली. म्हटलं, "मंजू, सांग त्यांना, देवाच्या खुणेवर गुडघा टेकवायची उशी मी नाही करणार. पाय लागेल." मंजूनं सांगितलं. बाईंनी त्या क्रॉसवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की इतकी वर्षं त्या त्याच्यावरच गुडघे टेकताहेत, आणि हे कधी मनात आलं नाही. पुढच्या आठवड्यात येताना त्यांनी क्रॉसचा नमुना आणला नाही. त्याऐवजी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला चर्चचा नकाशा घेऊन आल्या. म्हणाल्या, ज्या जागेची उशी, त्या जागेपाशी जे आहे ते भर.

तो नकाशा मी फ्रिजला चिकटवला. आणि खरं सांगते, पुढची सगळी वर्षं मी त्या कागदात राहिले.

दक्षिणेकडून आत यायचं. दाराआधी लाकडी छपराची पडवी, दोन्ही बाजूंना दगडी बाक, ओल्या छत्र्या ठेवून ठेवून खालची फरशी काळी पडलेली. आत पाऊल टाकलं की थंडी. आमच्या एसीची नव्हे, दगडाची थंडी, भर उन्हाळ्यातली. बाई डोळे मिटून वास सांगायच्या: मेणाचं पॉलिश, ओलसर पुस्तकं, केरोसीनचा हीटर, कोमेजत आलेली लिली. मी माझ्या माहेरच्या देवळाचा वास सांगायचे: दिव्याचं तेल, ओली पायरी, वटवाघळं. "वटवाघळं आमच्याकडेपण आहेत," असं त्या आनंदानं म्हणाल्या होत्या, जणू दोन्ही घरांची सोयरीक निघाली.

दाराजवळ दगडाचं मोठं भांडं, मुलांना नाव ठेवताना शिंपडायच्या पाण्याचं. त्याला लाकडी झाकण, आणि झाकणाला पूर्वी कुलूप असायचं, लोक ते पाणी चोरून न्यायचे म्हणून. मग बाकांच्या रांगा. त्यातल्या काही बाकांना चारी बाजूंनी लाकडी भिंती आणि स्वतःचं दार. घरंदाज माणसं आपापल्या खणात जाऊन दार लावून बसायची. मंजू म्हणाली, "लाइक अस." बाकांच्या टोकांना कोरीव काम: मासा गिळणारा पक्षी, बासरीवाला, आणि बदकांपुढे प्रवचन करणारा कोल्हा. कोल्हा मी भरला तेव्हा हे म्हणाले, "हा थेट आमच्या मंदूबसारखा दिसतो." त्या दिवशी आम्ही तिघं पुष्कळ हसलो.

उजव्या भिंतीशी एक सरदार आणि त्याची बायको, दगडाचे, उताणे झोपलेले, हात जोडलेले. दोघांची नाकं फुटलेली. सरदाराच्या पायाशी सिंह आणि बायकोच्या पायाशी छोटा कुत्रा. इतकी वर्षं शेजारी शेजारी झोपून छताकडे बघताहेत. दुपारी मी आणि मंजू फरशीवर तशाच पडायचो, गार लागावं म्हणून. ती म्हणायची, "आई, तुझा कुत्रा कुठाय?" मी पायाशी उशी ठेवायचे.

मनोऱ्यातून घंटांचे दोर खाली आलेले. प्रत्येक दोराला हाताच्या पकडीपाशी लाल-पांढऱ्या लोकरीचा जाड गुंडा. आपल्याकडे देवळात आलेला प्रत्येक माणूस घंटा वाजवून देवाला सांगतो, मी आलोय. तिकडे ठरलेली माणसं क्रमानं दोर ओढतात आणि सगळ्या गावाला सांगतात. मी तो लोकरीचा गुंडा भरला त्या दिवशी मला घंटा वाजवावीशी इतकी वाटली, की मी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावर चमचा टेकवला. वाजवला नाही. नुसता टेकवला.

आणि भिंतीतलं ते भोक. तिरकं, हातभर लांब, दगडातून आरपार गेलेलं. ज्यांना आत यायची बंदी होती ते बाहेर उभे राहून त्यातून देव बघायचे, असं गावात सांगतात. मी खिडकीच्या वरच्या अर्ध्यातून आभाळ बघत ती उशी भरली. तिच्यात मी काळी लोकर वापरली नाही. आकाशी वापरली.

एवढं सगळं झाल्यावर एका शुक्रवारी मी नकाशावर बोट ठेवून मंजूला म्हटलं, "विचार त्यांना, प्रदक्षिणेची वाट कुठली?"

मंजू म्हणाली, "आई विचारतेय, व्हेअर डू यू गो राउंड?"

"राउंड व्हॉट?"

"राउंड गॉड."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या की त्या देवाला वळसा घालत नाहीत, समोर बसतात. त्यांचा देव पूर्वेच्या भिंतीला टेकलेला, मागे जागाच नाही. मला ते काही पटेना. देवळात जायचं आणि प्रदक्षिणा न घालता परत यायचं, म्हणजे पानावरून अर्धपोटी उठण्यासारखं. मी पेन्सिल घेतली. पश्चिमेला मनोरा शेजारच्या शेताच्या कुंपणाला लागलेला, तिकडून वाट नाही. पण उत्तरेच्या भिंतीत एक बारकं दार काढलेलं होतं. तिथून बाहेर पडायचं, देव उजव्या हाताला ठेवून थडग्यांमधल्या गवतातून पूर्वेला वळायचं, आणि दक्षिणेच्या पडवीतून पुन्हा आत. अगदी शास्त्राला धरून. मी रेघ काढून दाखवली.

बाई म्हणाल्या, "पण ते दार उघडत नाही."

पूर्वी मुलाला नाव ठेवताना ते दार उघडत, मुलातला सैतान बाहेर जावा म्हणून. मग कधी तरी ते दगड-चुन्यानं बुजवून टाकलं. सैतानानं परत आत येऊ नये म्हणून म्हणा, की गार वारा येतो म्हणून म्हणा. त्यापुढे आता फुलदाण्यांचं कपाट आहे.

बाई गेल्या. पण मी आणि मंजूनं खेळ मांडला तो त्या नकाशावरच. खिडकी पूर्वेला, ती देवाची. पलंग म्हणजे बाकांचे खण, वॉशिंग मशीन म्हणजे पाण्याचं भांडं, गादीच्या गुंडाळीवर सरदार. आणि घराचं दार नेमकं उत्तरेला. रोज दुपारी आम्ही अनवाणी निघायचो, दारापर्यंत यायचो, बाहेरून लागलेल्या त्या दाराला हात लावायचो आणि परत फिरायचो. अर्धीच प्रदक्षिणा. मंजू दरवेळी विचारायची, "आज उघडेल?" मी म्हणायचे, "बुकरा." एकदा ती म्हणाली, "तो मंदूब म्हणतो तसं नको म्हणू." त्यानंतर मी तो शब्द घरात उच्चारला नाही. नुसती दाराला हात लावून वळायचे.

हे संध्याकाळी यायचे, बुटांतून वाळू झटकायचे आणि विचारायचे, "काय ट्रस्टी, कुठपर्यंत आलं बांधकाम?" मी उशी दाखवायचे. ते काही दाखवायचे नाहीत, म्हणजे पासपोर्ट नाहीत हे मला कळायचं.

शेवटी उत्तरेच्या दाराजवळच्या जागेची उशी भरायची पाळी आली. बाईंनी करडी लोकर दिली होती, दगडासाठी. मी बसले, आणि हात आपोआप दुसऱ्याच रंगांकडे गेला. मी दार उघडं भरलं. सताड. पलीकडे हिरवं गवत, त्यातून जाणारी पिवळी वाट. उंबरठ्याबाहेर रांगोळीचे ठिपके, वर आंब्याचं तोरण. आता सातशे वर्षांच्या इंग्रजी चर्चला आंब्याचं तोरण कुठून येणार? पण उघडं दार तोरणाशिवाय मला भरताच येईना.

बाईंनी ती उशी हातात घेतली, उलटून मागची बाजू पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "इट्स लव्हली, माय डिअर. बट इट्स राँग. ते दार बुजलेलं आहे."

मी म्हटलं, "मंजू, सांग त्यांना, मला ठाऊक आहे. तुमच्याकडे ते बुजवलंत, मी कोण बोलणार. पण मी ते रोज हातानं चाचपते. मला ते बंद भरता आलं नाही."

मंजूनं एवढंच सांगितलं, "शी सेज इट वॉज स्टक, सो शी ओपन्ड इट."

बाईंची नजर आमच्या घरभर फिरली. फ्रिजवरचा नकाशा, खिळ्याला टांगलेलं ह्यांचं कुलूप, खिडकीचा वरचा अर्धा भाग. मग त्यांनी ती उशी माझ्या मांडीवर परत ठेवली. "ही तुझी. मला दुसरी भरून दे. बंद दाराची."

ती दुसरी मी भरली. सगळ्यात सोपा नमुना, नुसते करडे दगड, पण हात चालेना. एकेक दगड भरला की उठून पाणी प्यायचे. मंजू जवळ बसून लोकर धरायची आणि म्हणायची, "इथे एक फट ठेव ना." शेवटच्या ओळीत मी एक टाका हिरव्या लोकरीचा घातला. दोन दगडांमधे. कोणाला दिसणारही नाही. उन्हाळ्यात बाई तिकडे गेल्या तेव्हा एका शुक्रवारी लिसीच्या घरी त्यांचा फोन आला. सगळ्या उशा आपापल्या हुकावर लागल्या म्हणाल्या. मी विचारलं, "दाराची?" त्या म्हणाल्या, तिथे एक म्हातारी बाई बसते, तिनं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, हे गवत कुठून उगवलं.

पासपोर्ट कसे सुटले ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. ह्यांना विचारा, अर्धा तास सांगतील. व्हिसा संपलेल्यांसाठी सरकारी माफीची मुदत होती, कचेऱ्या होत्या, रांगा होत्या. माझ्या लक्षात आहे ते एवढंच की एका सकाळी बाहेरून कुलूप उघडल्याचा आवाज आला. ती वेळ कुलूप उघडायची नव्हती. मंजू आणि मी जागच्या जागी दगडाच्या झालो, त्या सरदारासारख्या. दारात हे उभे. शर्टाच्या खिशातून तीन निळ्या-काळ्या कडा वर आलेल्या. हे म्हणाले, "खलास. बॅगा भरा."

निघायचं त्या दिवशी दार सताड उघडं होतं. लिसी रडत होती आणि डब्यात काही तरी कोंबत होती. सामान लिफ्टपाशी गेलं. आणि माझा पाय उंबऱ्यावरून उचलेना. खोटं कशाला सांगू, इतक्या वेळा तिथून मागे वळले होते की पायांना तेच ठाऊक. मी दाराला हात लावला आणि वळले.

मंजूनं माझ्या काखेतली उशी ओढून घेतली आणि बाहेर धावली. आमच्या मजल्यावर कॉरिडॉर लिफ्टच्या भोवतीनं गोल फिरून पुन्हा आमच्या दाराशी यायचा. त्या गोलातून ती धावत सुटली, पाय आपटत. इतक्या दिवसांनी तिच्या पायांचा आवाज मी ऐकला. धप धप धप. एका बाजूनं दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या बाजूनं आली, केस विस्कटलेले, उशी छातीशी. मधे देव नव्हता, लिफ्ट होती. पण उजव्या हाताला होती.

"आई, झाली पूर्ण," ती म्हणाली. "आता तू."

हे लिफ्टचं बटण धरून ओरडत होते, "यल्ला, खाली टॅक्सी थांबलीय." मी पदर खोचला आणि सगळ्या सामानादेखत, लिसीदेखत, त्या कॉरिडॉरला पूर्ण प्रदक्षिणा घातली.

मार्गारेटबाईंचा पत्ता पुढे हरवला. त्यांचं ते चर्च मी कधी पाहिलं नाही. मंजू आता इथेच नोकरीला, मरीनाच्या बाजूला काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस, आणि आम्ही म्हातारा-म्हातारी थंडीचे चार महिने तिच्याकडे येतो. पासपोर्ट माझ्या उशाशी ठेवलेल्या पिशवीत असतो. रात्री एकदा चाचपते आणि झोपते. गेल्या वर्षी ती म्हणाली, "चल, इंग्लंडला जाऊन बघून येऊ." मी म्हटलं, बघू. गाव कुठलं ते मला आठवत नाही, पण त्या चर्चचा प्रत्येक दगड ठाऊक आहे. दाराजवळची फरशी कुठे काळी आहे तेही सांगेन.

काल संध्याकाळी मंजू आली, नेहमीसारखं बोलली. उशी उचलली, तोरणावरची धूळ तळहातानं पुसली, सोफ्यावर ठेवली. दार मिटलं. खट्. मी गॅलरीतून वाळलेले कपडे काढायला गेले.

कपडे घेऊन परत येते तर कॉरिडॉरमधून कोणाच्या तरी फोडणीचा वास येत होता. मंजू पाय वर घेऊन फोनवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होती, माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. उशी सोफ्यावरच होती. आणि दाराच्या फटीत तिचा ऑफिसचा एक बूट सारलेला होता.